टपावरची सायकल

१

सांतान फर्नांडिसची सायकल घरी आली ती तो नाहीसा झाल्यावर दोन वर्षं आणि तीन महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. वेळ मी सांगतोय म्हणजे ती बरोबर आहे. चौतीस वर्षं मी बसगाड्यांच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. आता निवृत्त आहे, तरी मालवणहून येणारी वस्तीची गाडी, म्हणजे रात्री इथेच मुक्काम करणारी, आमच्या सडेवाडीच्या थांब्यावर लागली की माझं घड्याळ आणि वही आपोआप खिशातून बाहेर येतात. बायको म्हणते, "गाडयेक आता तुमची गरज नाय." नसेल. मला गाडीची आहे.

प्रवासातही माझं तेच. कंडक्टर रेंगाळला की माझा हात घंटीच्या दोरीकडे जातो आणि दोन टोले पडतात, एकाला एक चिकटून. गावात त्याला 'कंट्रोलरची घंटा' म्हणतात आणि माझ्या पाठीमागे हसतात. हसेनात का, गाडी तर हलते.

त्या शुक्रवारी गाडी थांबली, पण उतरणारी माणसं रोजच्यासारखी बोलत नव्हती. मासळी विकून परत आलेली चंद्रावती रिकामी पाटी छातीशी धरून उतरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चिंचेकडे पों वाजला. सगळ्यांनी आयकला."

चिंच म्हणजे खाडीचा पूल ओलांडला की वळणावर उभी आहे ती. आणि पों म्हणजे सांतानच्या सायकलचा रबरी भोंगा. तो आवाज ह्या भागातलं लहान मूलही ओळखेल, इतकी वर्षं त्याने त्यावर पाव विकले होते.

मी चंद्रावतीला झापणार, तेवढ्यात वरून किंकाळी आली. आमचा थांबा चिऱ्याचा डोंगर कापून काढलेल्या रस्त्यावर आहे, आणि कापाच्या वर सांतानचं घर. त्याची बायको बर्नादेत अंगणाच्या कडेला उभी होती. ती आमच्याकडे बघत नव्हती. तिची नजर गाडीच्या टपावर होती.

"सायबिणी! तेची सायकल! तेची सायकल इली!"

आम्ही खालून मान वर करून पाहिलं. खालून काहीच दिसत नव्हतं. मी मागच्या शिडीवरून वर चढलो, आणि साठी उलटलेल्या माझ्या गुडघ्यांनी पहिल्यांदाच तक्रार केली नाही. टपाच्या कॅरिअरमध्ये, कठड्याच्या आत, ती सायकल आडवी पडली होती. मागे पावाची टोपली. हँडलला भोंगा. त्याच्या रबराला हात लावला तर ते थरथरत होतं. गाडीचं इंजिन चालू होतं म्हणून असेल, पण मी हात मागे घेतला.

२

सांतानचा दिवस घड्याळासारखा होता, म्हणून मला तो माणूस आवडायचा. सकाळी घाटीचा उतार, म्हणून सायकलवर बसून खाली जायचं, आचऱ्याच्या बेकरीतून पाव उचलायचे आणि किनाऱ्याच्या वाड्यांतून भोंगा वाजवत हिंडायचं. संध्याकाळी चढ, म्हणून तीच सायकल आचरा तिठ्यावर वस्तीच्या गाडीच्या टपावर टाकायची, लगेजचं तिकीट काढायचं आणि आत बसून घरी यायचं. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तर मात्र बिचारा सायकल ढकलत घाटी चढायचा.

तो नाहीसा झाला त्या जुलैच्या संध्याकाळी मी त्याच गाडीत होतो. माझ्या निवृत्तीचा दुसरा आठवडा होता. गाडी खचाखच भरलेली, पाऊस टपावर धपाधप बडवत होता. तिठ्यावर सांतान निळ्या ताडपत्रीचा, लाल बटणाचा घरी शिवलेला रेनकोट घालून चहाच्या टपरीपाशी सायकल धरून उभा दिसला, मग आम्ही खिडक्यांचे पत्रे खाली ओढले. गाडी पाच सत्तेचाळीसला सुटली, सात मिनिटं उशिरा. पुढे चिंचेच्या वळणावर सगळ्यांनी पों ऐकला. चंद्रावती तेव्हा म्हणालीही होती, "बगा, सांतान सायकलीनच येता, येवडो पाऊस आसान!" त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

पोलिसांना मी छातीठोकपणे सांगितलं की सांतान गाडीत चढला नाही. वहीतली वेळही वाचून दाखवली. चाळीस माणसांनी भोंग्याची साक्ष दिली. मग सगळ्यांनी मिळून घाटी पालथी घातली, गटारं पाहिली, दरीत माणसं उतरवली. ना सायकल मिळाली, ना माणूस.

आता सायकल मिळाली होती. ती मी आणि ड्रायव्हर बाळा तांडेलने उतरवून बर्नादेतच्या सोप्यात नेली. बाळा खाली मान घालून लगेच गाडीकडे परतला. कंडक्टर मथुरा मात्र सारखी सांगत होती, "साहेब, देवाशपथ, आज सायकलीचा एकय तिकीट फाडूक नाय. खंयच्याच थांब्यार कोण वर चडूक नाय."

दोन वर्षांपूर्वी त्या गाडीवर हेच दोघे होते आणि गाडीही हीच. आमच्या डेपोत टपाला कॅरिअर आणि मागे शिडी असलेली ही एकच गाडी उरली आहे. नव्या गाड्यांची टपं साफ सपाट. हीदेखील दिवाळीनंतर भंगारात जायची आहे, आणि बाळा ह्याच महिनाअखेर निवृत्त व्हायचा आहे.

सगळे गेल्यावर बर्नादेतने कंदिलासारखा जुना दिवा लावला आणि दाराशी ठेवला. त्या घराचं दार सांतान गेल्यापासून दिवसरात्र उघडं असतं. तिची मुलगी सॅन्ड्रा म्हापशाला असते, तिने आईला न्यायला किती खेपा घातल्या. बर्नादेत दार सोडून हलली नाही.

"तो येतलो आनी दार बंद दिसला तर खंय जायत?" ती नेहमी म्हणायची. त्या दिवशी मात्र तिने दोन्ही हात माझ्यापुढे जोडले. मला फार अवघडल्यासारखं झालं.

"चिंदरकरानू, तुमी गाडयेचे माणूस. गाडयेन सायकल हाडल्यान. माणूस खंय ठेयल्यान, ता माका सांगा. जितो आसा तर जितो म्हणा. मेलो तर मेलो म्हणा. पण माका असा मदी ठेव नकात."

मी सांगेन म्हणालो. आयुष्यात मी दिलेला शब्द आणि सोडलेली गाडी, दोन्ही वेळेवर गेली आहेत.

३

सायकल मी दिव्याच्या उजेडात तपासली. तिच्यावर गंज नव्हता. साखळीला दाट काळं तेल होतं, म्हणजे कुणीतरी तिची नीट देखभाल केली होती. हँडलला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी बांधलेली. गाठ इतकी जुनी की रबर दगड झालेलं. पण पट्टीचं दुसरं टोक सुरीने कापलेलं होतं. तशीच दुसरी पट्टी सीटखाली गुंडाळून ठेवलेली, न वापरलेली.

"दोन पट्टये," बर्नादेत म्हणाली. "एक हँडलाक, एक फाटल्या चाकाक. दुसऱ्यान बांधलेला तेका कदी चलाक नाय."

तेलावरून माझा पहिला संशय गेला तो नेव्हिलवर. नेव्हिल हा सांतानचा धाकटा भाऊ, मालवणात पर्यटकांना सायकली भाड्याने देतो. वहिनी म्हापशाला गेली तर घरात पर्यटक ठेवता येतील, हे तो चारचौघांत बोललेला. आणि सांतान गोव्यात दुसरं घर करून राहिलाय ही कंडीही त्याच्याच तोंडून सुटली होती. असल्या माणसाला सोडायचं नाही, असं ठरवून मी शनिवारी सकाळी मालवण गाठलं.

तो दुकानात एका सायकलचं चाक सरळ करत बसला होता. मी साखळीचं तेल लागलेला फडका त्याच्यापुढे धरला.

"ह्या त्याल तुझ्याच दुकानातला ना?"

नेव्हिलने फडका नाकाशी नेला, बोटांत चोळला. "काका, ह्या सायकलीचा त्याल न्हय. ह्या मोठ्या गाडयेच्या गिअर बॉक्सातला. सायकलीक ह्या घालणारो एक तर येडो, नाय तर तेच्याकडे दुसरा त्याल नाय."

"आनी गोव्याच्या बाईची कंडी? ती कोणी सोडली?"

त्याने चाक खाली ठेवलं.

"मीच," तो म्हणाला. "तेका खाडयेन न्हेल्यान ह्या माका पयल्या दिसापासून म्हायत आसा, काका. पुरावो नाय, पण म्हायत आसा. वयनी दारात बसान रडान मरता. म्हटला, रागान तरी जगात. रागावलेली बाईल दार बंद करता." त्याचे डोळे भरून आले होते. "तिणी माजो गाल फोडल्यान. पण दार काय बंद केल्यान नाय."

मी त्याच्यासमोर चहा पिऊन उठलो. संशयितांच्या यादीतून त्याचं नाव काढलं आणि तिथे लिहिलं: गिअर बॉक्सचं तेल.

४

रविवारी मी एक प्रयोग केला. सांतानची सायकल घेऊन घाटी उतरलो, तिठ्यावर पाच चाळीसच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो आणि मथुराकडे सायकलचं लगेज तिकीट मागितलं. माझा बेत सोपा होता. सायकल टपावर चढवायची, गाडीला पुढे जाऊ द्यायचं नाही, आधी नेव्हिलच्या दुकानातून आणून टपरीपाशी ठेवलेल्या दुसऱ्या सायकलने स्वतः चिंचेखाली पोचायचं आणि काय वाजतं ते डोळ्यांनी बघायचं. चार मिनिटं थांब म्हणून बाळाला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

आपल्याकडे सायकल ज्याची, त्यानेच ती टपावर चढवून बांधायची. कंडक्टर फक्त तिकीट फाडतो. चौतीस वर्षं मी हा नियम पाळायला लावला, पण स्वतः कधी सायकल बांधली नव्हती. त्या दिवशी बांधली. एक पट्टी हँडलला, एक मागच्या चाकाला. पहिली गाठ मारून दुसरीकडे वळायचं तर गुडघ्यांवर रांगत, गाडीच्या मागच्या टोकाकडून पुढे जावं लागतं. तिथून दार दिसत नाही, कंडक्टर दिसत नाही. आणि कंडक्टरला तुम्ही दिसत नाही.

दुसरी गाठ मारता मारता माझे हात थांबले. सांतानची दुसरी पट्टी सीटखाली गुंडाळलेलीच होती.

मी खाली उतरलो आणि दुसरी सायकल दामटली. पूल ओलांडला. तिन्हीसांज व्हायला आली होती, खाडीवर धुकं उतरायला लागलेलं, पाणी भरतीचं आणि अगदी निमूट. चिंचेखाली मी एकटाच होतो. रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा नसलेली कड आणि खाली खाडी. गाडीचा आवाज पुलावर आला. दिवे वळले. आणि माझ्या डोक्याच्या वर, हवेत, कुणी नसताना वाजलं: पों.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण मी डोळे मिटले नाहीत, त्यामुळे मला दिसलं. चिंचेची एक जाड फांदी रस्त्यावर आडवी आली आहे, गाडीच्या टपापासून जेमतेम हातभर वर. आडव्या पडलेल्या सायकलचं हँडल एका बाजूने वर राहतं. फांदीची डहाळी त्या भोंग्याला दाबून गेली होती. आणि वळणावर गाडीने झोक घेतला तो खाडीच्या अंगाला.

म्हणजे त्या जुलैत चाळीस जणांनी ऐकलेला पों मागून येणाऱ्या सायकलचा नव्हता. तो आमच्या डोक्यावर वाजला होता. सायकल टपावर होती. एकच पट्टी बांधलेली. आणि बांधणारा?

जवळच्या एका घरात मी आंबे काढायची आकडी मागितली. ती आणली आणि फांदीच्या बेचक्यात घातली. सुकी पानं पडली, एक जुनं घरटं पडलं. मग निळ्या ताडपत्रीचा एक फाटका तुकडा पडला, ऊन खाऊन पांढुरका झालेला. त्याला एक मोठं लाल बटण होतं, जाड दोऱ्याने शिवलेलं. असलं बटण कुठल्या रेनकोटाला नसतं. तो तुकडा हातात घेऊन मी रस्त्याच्या कडेलाच बसलो.

सांतान मेला होता. गाडी त्याला टपावर घेऊनच सुटली होती. आता प्रश्न एकच होता: तो वर असताना गाडी हलवली कुणी?

५

मी सडेवाडीला पोचलो तेव्हा सांतानची सायकल बाळाने उतरवून वर सोप्यात पोचवली होती आणि मथुरा थांब्याच्या बाकावर बसून दिवसाची तिकिटं जुळवत होती. मी सरळ विचारलं.

"त्या दिसा सांतान टपार चडलेलो. तुका म्हायत होता?"

तिच्या हातातली तिकिटं खाली पडली. "नाय साहेब! मी पुढच्या दाराक होतंय. चंद्रावतीच्या पाटयेवरना भांडाण चललेला, कोणाच्या तरी लुगड्यार मासळीचा पाणी पडलेला. सांतान भायर उबो होतो तितकोच बगलंय. गाडी सुटली तेवा म्हटला, गर्दी बगून ऱ्हवलो आसात."

"मगे घंटा कित्याक मारलंस?"

"मी घंटा मारूक नाय." ती आधी मोठ्याने बोलली, मग तोच शब्द हळू आवाजात. "मी मारूकच नाय, साहेब. माजे दोनय हात पाटयेर होते."

खोटं बोलणारे कंडक्टर मी शेकड्याने पाहिलेत. ही खोटं बोलत नव्हती. आणि कंडक्टरने घंटा मारली नाही तर उत्तर स्वच्छ आहे: ड्रायव्हरने घंटा न होता गाडी काढली. गिअर बॉक्सचं तेल ड्रायव्हरच्या हाताला असतं. गाडी डेपोतून निघण्याआधी टपावर सायकल ठेवायला ड्रायव्हरला कुणाला विचारावं लागत नाही, म्हणून कुठल्याच थांब्यावर कुणी चढताना दिसलं नाही. आणि बर्नादेतच्या अंगणातून, फक्त तिथूनच, गाडीचं टप दिसतं, हे रोज त्या अंगणाखाली गाडी उभी करणाऱ्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार?

मला राग आला. असा राग की कानशिलं तापली. एका माणसाने नियम मोडला, एक माणूस खाडीत गेला, आणि ही बाई दोन वर्षं दार उघडं टाकून बसली आहे. मी गाडीत चढलो.

६

बाळा रिकाम्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता. आतला एकच दिवा चालू होता, तोही पिवळट. बाहेर काळोख दाटत होता आणि उघड्या खिडक्यांतून सड्यावरचं धुकं आत येत होतं.

"बाळा," मी दारातूनच ओरडलो, "तू घंटा न होता गाडी काढलंस!"

तो वळला नाही. "बसा साहेब."

"बसूक येवक नाय मी!"

"बसा. तुमच्या जाग्यार बसा. मगे काय ता बोला."

माझी जागा म्हणजे मागून दुसरं बाक, डाव्या हाताचं, खिडकीपाशी. वर्षानुवर्षं मी तिथेच बसतो. का कोण जाणे, मी जाऊन बसलो. बाळाच्या डोक्यावर आरसा असतो, त्यात आतली गाडी दिसते. त्या आरशात मला त्याचे डोळे दिसले. ते माझ्याकडेच बघत होते.

"सायकल मीच ठेयलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या दिसा सकाळी टप बगूक गेलंय तर सायकल. त्या पावसात कोणी टपाकडे बगूक नाय. एकच पट्टी. माका कळला. पट्टी सुरयेन कापलंय आनी सायकल माज्या घराकडच्या मांगरात जाळयांखाली लिपयलंय. म्हयन्या म्हयन्याक त्याल घातलंय. दुसरा काय करू? आता ही गाडी भंगारात जातली, मी घराक जातलंय. मगे तिका कोण सांगतलो? म्हटला, निदान सायकल तरी तिच्या नजरेक पडांदे. आनी तुमच्या. तुमी शोधल्याशिवाय ऱ्हवचे नाय, ह्या माका म्हायत होता."

"पण घंटा—"

"घंटा झाली, साहेब. दोन टोले. एकाक एक चिकटान. मथुरेचे टोले तसे नसतत. माका कोणाचे ते लगेच कळला. चौतीस वर्सां आयकलेली घंटा. मी आरशात बगलंय पण. मगे गाडी काढलंय. भायरचो आरसो पावसान आंधळो होतो, तो पुसाक नाय, ही माजी चूक. टपार तेणी हात बडयल्यान. माका पाऊस वाटलो."

पाऊस टपावर धपाधप बडवत होता. हे मीच पोलिसांना सांगितलं होतं.

"आता दोरी खंय आसा ती बगा," बाळा म्हणाला.

बघायची गरज नव्हती. माझा हात आधीच वर गेला होता. दोरी बरोबर हाताला लागली.

खिशातल्या वहीत नव्हतं ते, पण घरातल्या फडताळात त्या वर्षाची वही होती. मी घरी जाऊन ती काढली. पोलिसांना मी वेळेपुरती वाचली होती ती ओळ आता पुरी वाचली. माझं अक्षर चांगलं आहे, पावसाळ्यातही फिसकटत नाही. 'आचरा तिठा ५.४७. सात मिनिटे उशीर. कंडक्टर भांडणात. घंटा दिली.'

बाळा माझ्या मागोमाग अंगणात येऊन उभा होता. माझा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "साहेब, माजा नाव सांगा तिका. बाळान घंटेशिवाय गाडी काढल्यान म्हणा. माज्या बायलेच्या दुखण्यात तुमी वर्सभर वस्तीची गाडी माका दिलास नाय, घराकडे ऱ्हवाक मिळाला. ता मी इसारलंय काय? आनी पोलीस इचारतीत तेंकाय मीच सांगतलंय."

दोन वर्षं ह्या माणसाने माझा टोला स्वतःच्या उरावर वागवला होता. आणि मी त्याला अर्ध्या तासापूर्वी गुन्हेगार ठरवून आलो होतो. मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "घराक जा, बाळा." आणि तो निळा तुकडा घेऊन निघालो.

७

कापाच्या अकरा पायऱ्या. दार उघडं होतं, दिवा उंबऱ्याशी. बर्नादेत खुर्चीवर बसून होती, जणू मी येणार हे तिला ठाऊक होतं. मी तुकडा तिच्या हातात दिला. तिने बटणावर अंगठा फिरवला.

"सॅन्ड्राच्या जुन्या कोटाचा," ती म्हणाली. "मीच शिवलेला. खंय गावला?"

"चिंचेच्या फांदयेत. वर." मग मी सगळं सांगितलं. टप, पट्टी, फांदी, वळण, खाडी. ती रडली नाही. तिने तो तुकडा घडी करून मांडीवर ठेवला आणि पुन्हा उलगडला.

"तो वर आसताना घंटा कोणी मारल्यान?"

बाळाचं नाव माझ्या जिभेवर होतं. खरंच होतं. एक शब्द, आणि उद्या संध्याकाळी मी पुन्हा थांब्यावर वही घेऊन उभा राहू शकलो असतो.

"मी," मी म्हणालो. "बर्नादेत, घंटा मी मारलंय. पोलिसांकय सांगतलंय. तू म्हणशीत ता करतलंय."

बाहेर कुठेतरी टिटवी ओरडत गेली. दिव्याची वात एकदा थरथरून स्थिर झाली. बर्नादेत माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्या दिसा," तिने शेवटी विचारलं, "गाडी टायमार पोचली?"

"पोचली," मी म्हणालो. "सहा धा."

तिने मान हलवली. मग उठली, सांतानची सायकल सोप्यातून आतल्या खोलीत नेऊन भिंतीला टेकवली आणि परत आली.

"येत्या आयतारा तेच्या नावान मिस सांगतलंय, खालच्या इगर्जेत. तुमी येवा." मी चर्चच्या प्रार्थनेला येईन म्हणालो. "गाडयेन येव नकात. चलान येवा. चिंचेखालसून."

मी पायऱ्या उतरलो. पाचव्या पायरीवर असताना मागे आवाज झाला. ते दार लागत होतं. बिजागऱ्या कुरकुरल्या, लाकूड फुगलं होतं, तिने दोनदा जोर लावला, आणि मग कडी बसली.

खाली रस्त्यावर गाडी तशीच उभी होती. किती वाजले होते ते मला सांगता येणार नाही.